पांढऱ्या खोडाचा मेपल

२ नोव्हेंबर

चि. दातकोरणी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन करता आला असता. पण फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणतेस आणि तेवढ्या वेळात तुझा दुसरा हात कुणाची तरी कवळी घासत असतो, हे मला इथवर ऐकू येतं. कागद खिळ्याला टांगता येतो. तेव्हा टांग.

अक्षर मामीचं आहे हे तू ओळखलं असशीलच. माझा हात आता सहीपुरताही थांबत नाही. इथले डॉक्टर गोळ्या बदलून बदलून बघताहेत. तोवर मी बोलतो, ती लिहिते. (हे बोलतात त्यातलं निम्मंच लिहिते. बाकीचं लिहिण्यासारखं नसतं. — मामी)

आता कामाचं. प्रदर्शन डिसेंबरच्या बारा-तेराला आहे, पानं झडलेल्या बोन्सायचं. पानं असताना कुठलंही झाड देखणं दिसतं, चांगले कपडे घातलेल्या माणसासारखं. खरं काय ते उघडं पडल्यावर कळतं. दरवर्षी त्यातलं एक झाड मोठ्या बागेत कायमचं ठेवून घेतात. माळी त्यांचा, पाणी त्यांचं, काळजी त्यांची. आपला मेपल तिथे लागला पाहिजे.

का, ते सांगतो, म्हणजे तू हयगय करणार नाहीस. वर्षअखेरीला घरमालकाला तिथल्या घराची किल्ली द्यायची आहे. आम्ही आता इथेच, चिरंजीवाकडे राहायचं, असं त्यानेच ठरवलंय. सातवा मजला. खिडक्या उघडत नाहीत, बाल्कनी नाही. सूनबाईने हौसेने आणलेलं प्लास्टिकचं झाडसुद्धा इथे मलूल दिसतं. मेपलला उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं. एक दिवस चुकला तर पानांच्या कडा जळतात, चार दिवस चुकले तर झाडच जातं. तुला 'ठेवून घे' म्हणत नाही. तुझ्या खोलीची एकुलती एक खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीकडे बघते. म्हणजे बागेने घेतलं नाही, तर एक जानेवारीला माझं एकतीस वर्षांचं झाड कुठे असेल, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तर ऐक. उरलेली पानं हाताने काढायची, एकेक. फांदी वाढते त्या दिशेला ओढायचं, उलट नाही. देठाच्या बगलेत पुढच्या वर्षीची कळी असते. फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेली तार उलगडायची नाही, तुकडे करून कापून काढायची. चांगली तार फुकट जाते म्हणून जीव जळतो. मी हार्डवेअरच्या दुकानात तारेवरच पोट भरलंय, माझाही जळतो. तरी कापायची. आणि खोडावर हिरवं शेवाळ चढलंय, ते दातांच्या मऊ ब्रशने, नुसत्या पाण्याने घासून काढ. घासण्याबद्दल तुला मी काय शिकवणार.

मामा


८ नोव्हेंबर

मामा, नमस्कार.

पत्र टांगलंय. तुमच्याच स्वयंपाकघरात, कॅलेंडरच्या खिळ्याला. रोज सकाळी दातांच्या लॅबला जाण्याआधी येते. मागच्या दाराची कडी अडकते, ती खांद्याने ढकलून अंगणात जाते आणि आधी बाकावर झाड आहे ना ते बघते. जाणार कुठे म्हणा. पण बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

पानं काढायला तीन सकाळी लागल्या. एक कळी मोडली. उजवीकडच्या वरच्या फांदीवरची, शेंड्याची. तुमच्यापासून लपवणार नाही. दिवसभर लॅबमध्ये हात चालत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, 'घरी काही झालंय का?' काय सांगणार? कळी मोडली म्हणून?

तार आमच्याच कटरने कापली. दातांच्या कवळीची तार कापायचा तो. अगदी बारीक तोंडाचा आहे, सालीला लागला नाही. तीन वेळा बघितलं.

आता थंडीचं सांगा. काल सकाळी अंगणातल्या नळाच्या तोंडाशी बर्फाचा थेंब होता आणि कुंडीतली माती वरून कडक झाली होती. झाड रात्रीपुरतं स्वयंपाकघरात घेऊ का? अंथरुणात पडल्यावर तेच डोळ्यांसमोर येतं.

आणखी एक. प्रदर्शनवाल्यांचा निरोप आलाय, की तुम्ही हजर नसणार, म्हणून फॉर्मवर झाड आणणाऱ्याची सही लागेल. म्हणजे माझी. फॉर्म येईल तेव्हा कळवते.

तुमची,
(ते नाव मी आता चौतीस वर्षांची झाल्यावर तरी सोडा) दातकोरणी


१४ नोव्हेंबर

चि. दातकोरणी,

झाड आत आणू नकोस. थंडी त्याला हवी असते. ऊब लागली की त्याला वाटतं हिवाळा संपला, आणि मग प्रदर्शनाला कोंब फुटलेलं झाड घेऊन उभी राहशील. वारा फार सुटला तर कुंडीभोवती पोतं गुंडाळ, बस. माणसाने घाबरावं, पण आपली भीती झाडाला घालू नये.

एक कळी मोडली तर मोडली. मी पहिल्या वर्षी अख्खा शेंडा मोडला होता आणि घरी सांगितलं की छाटला. (मला आठवतंय. — मामी)

सही तूच कर. तुझी सही चांगली आहे, वाचता येते.

एक सांगायचं राहिलंच. शेवाळ काढताना खोडाचा पांढरेपणा सांभाळ. बुंध्याचा हिरवा भाग तेवढा घास, वर हात लावू नकोस. मेपलचं खोड म्हातारं होतं तसं पांढरं पडत जातं, आणि ते पांढरं हेच ह्या झाडाचं मोल आहे. चार वर्षांपूर्वी नुसतं बघायला म्हणून मी झाड तिथे नेलं होतं. परीक्षक बाई त्या पांढऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, 'हे वय आहे. हे कुठे विकत मिळत नाही.' बागवाल्यांच्या डोक्यात आपलं झाड आहे ते त्या एका वाक्यामुळे. तेव्हा वर ब्रश नाही. (एवढं सांगताना हे दोनदा थांबले. पाणी दिलं. — मामी)

मामा


१५ नोव्हेंबर

मामा,

आज रविवार, सगळी सकाळ तुमच्या झाडाला दिली. पोतं अंथरून बसले आणि खोड घासलं. नुसतं बुंध्याशी नाही, पहिल्या फांदीच्याही वरपर्यंत. काम करायचं तर अर्धवट कशाला. शेवाळ निघालं, आणि त्यावरचा पांढरा थर होता तोही निघाला. नळाच्या पाण्याचा क्षार बसला असणार. कवळ्यांवर बसतो तसाच होता, पण ह्याने फारसा त्रास दिला नाही. दोन बादल्या पाणी लागलं, आणि ते दुधासारखं झालं होतं. आता खोड करडं, स्वच्छ दिसतंय. पेशंट खुर्चीतून उठून आरशात दात बघतो ना, तसं मला त्याला आरसा दाखवावासा वाटला.

पण एका जागी भीती वाटतेय. डाव्या बाजूला, पहिल्या फांदीखाली, अंगठ्याएवढा एक डाग दिसतोय. त्याचा रंग बाकीच्या खोडासारखा नाही, जरा विटकरी आहे. मी साल तर सोलली नाही ना? ब्रश मऊ होता, देवाशपथ. तुम्ही म्हणाल तसं त्यावर काहीतरी लावते. लवकर लिहा.

दातकोरणी


१७ नोव्हेंबर

मामा,

तुमचं चौदा तारखेचं पत्र आज आलं. दारातच उघडलं आणि 'वर ब्रश नाही' वाचून पायरीवर बसले. लॅबला उशीर झाला. माझं परवाचं पत्र आता तुमच्याकडे पोचत असेल आणि मामी ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवत असेल. आरशाचा विनोदसुद्धा.

एकतीस वर्षांचं वय मी दोन बादल्यांत धुतलं. काय लिहू? माफी मागायलाही तोंड नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. तो डाग मला सोडेना, म्हणून संध्याकाळी लॅबमधली टोकदार सळई आणली. दात किडलाय का बघायला वापरतात ती. लाकडावर टेकवली की ती किंचित रुतते. डागावर टेकवली तर किरकिरली. आणि डागाची कड सरळ होती. झाडाच्या अंगावर सरळ रेघ येत नाही, मामा. मी अकरा वर्षं हेच काम करते. ती जखम नाही, साल सोललेली नाही. ते सिमेंट आहे. कुणीतरी खड्डा भरलाय, घासून सपाट केलाय आणि वर रंग दिलाय. हात चांगला आहे, पण भरलेलं ते भरलेलं.

झाड रोप असल्यापासून तुमच्याकडे आहे. मग हे कुणी केलं? तुम्हाला माहीत होतं का?

हे विचारायचं कारण म्हणजे फॉर्म आलाय. सहावा प्रश्न असा: 'खोडात वा फांदीत बाहेरचा कोणताही पदार्थ भरलेला आहे का? होय / नाही. असल्यास कारण.' पाच डिसेंबरच्या आत द्यायचाय.

पांढऱ्याचं म्हणाल तर ते मी परत आणू शकते. माझ्याकडे पांढऱ्याच्या सोळा छटा आहेत. शेजारच्या खऱ्या दातासारखा खोटा दात करणं हाच माझा धंदा आहे. कुणाला कळणार नाही. पण ते करायचं का, हे तुम्ही सांगायचं.

दातकोरणी


२३ नोव्हेंबर

चि. दातकोरणी,

दोन्ही पत्रं पोचली. घासलंस ते घासलंस, तो विषय संपला. मी रागावलेलो नाही.

सिमेंट वगैरे काही नाही. जुन्या झाडाच्या अंगावर काही ना काही असतंच. तुला दिवसभर तेच दिसतं, म्हणून झाडातही तेच दिसलं. नसत्या शंका काढू नकोस. सळई पुन्हा लावू नकोस.

मागच्या खोलीत खिळ्यांच्या डब्यांमागे चुना-गंधकाच्या पाण्याची बाटली आहे. कीड लागू नये म्हणून हिवाळ्यात झाडावर मारतात, ते. त्यात पाणी घाल, चिमूटभर काळी शाई घाल, नाहीतर भिंतीसारखं पांढरं दिसतं. दोन हात दे. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही. डाव्या बाजूला तिसराही दे.

फॉर्मवर सहाव्याला 'नाही' लिही. त्यांना झाड बघायचंय, झाडाची जन्मकुंडली नाही.

हवा कशी आहे?

मामा

(आज हे भराभर बोलले. एवढं भराभर हे फक्त दुकानात, विकलेला माल परत घ्यायला नाही म्हणायचं असलं की बोलत. तू जेवतेस ना वेळेवर? — मामी)


२७ नोव्हेंबर

मामा,

तुम्ही रागावलेले नाही असं लिहिलंत, त्याअर्थी फार रागावला आहात. रागावला असतात तर तुम्ही मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि एक गोष्ट सांगितली असती. ह्या पत्रात दोन्ही नव्हतं.

बाटली सापडली. निम्मी रिकामी आहे. शेजारी ब्रश आहे, त्याचे केस पांढरे होऊन दगडासारखे झालेत. तुम्ही शाईचं प्रमाण तोंडपाठ सांगितलंत. मामा, मी धुतलं ते वय नव्हतं ना?

तसं असेल तर माझ्या छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता. उतरला नाही. दुसराच चढला.

बुंध्याच्या मागच्या बाजूला, नखाएवढ्या जागेवर मी तुमचं मिश्रण लावून बघितलं. मग त्यात माझं थोडं मिसळलं. हुबेहूब झालं. दहा पावलांवरून सोडाच, एका वितीवरूनही कळत नाही. आनंद व्हायला हवा, पण मी ते पुसून टाकलं.

लॅबमधून दात बाहेर जातो, तेव्हा त्याच्याबरोबर एक चिठ्ठी जाते. दात कशाचा आहे, आत काय आहे, कुणी केला. खाली माझी सही. दात खोटा असतो, चिठ्ठी खोटी नसते. उद्या पेशंटला त्रास झाला तर दुसरा डॉक्टर ती चिठ्ठी वाचून तोंडात हात घालतो. तसंच उद्या बागेतला माळी ह्या झाडाला करवत लावेल आणि आत सिमेंट लागेल. कागदावर 'नाही' असेल आणि खाली माझी सही.

'होय' लिहिलं तर बाग झाड घेणार नाही, आणि मग एक जानेवारीला ते कुठे जाईल, हे मला रोज सकाळी कडी ढकलताना आठवतं. मला दोन्ही जमत नाही. काय झालं होतं एवढं तरी सांगा. आठ दिवस उरलेत.

दातकोरणी


१ डिसेंबर

दातकोरणी,

हे माझं अक्षर आहे. लागेल तेवढं वाच, उरलेलं सोड. दाढी करतो सांगून न्हाणीघरात आलोय. कपडे धुवायच्या यंत्रावर कागद ठेवून लिहितोय. मामीला हे सांगता येत नाही, म्हणून तिच्याकडून लिहवता येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी मामी अंगणात सतरंजी झटकत होती, काठीने. काठी झाडाला लागली. डावीकडची पहिली फांदी बुंध्यातून निघाली, खोडाचा लचका घेऊन. मी दुकानातून आलो तर ती फांदी ओच्यात घेऊन बसली होती. रडत होती. ती तशी रडत नाही.

मी म्हटलं, अगं, ती मी उद्या कापणारच होतो. काम वाचवलंस.

खोटं होतं. ती झाडाची सगळ्यात चांगली फांदी होती. बावीस वर्षं घडवली होती. दुसऱ्या दिवशी मी खड्डा भरला, तिला दिसू नये म्हणून. रंग उठून दिसायला लागला म्हणून पांढरं लावलं. मग दर थंडीत लावत गेलो. मग परीक्षक बाई म्हणाल्या हे वय आहे. आता काय सांगणार?

उद्या प्रदर्शनात कुणी विचारलं, कळलं, तर ती समजेल की मी नऊ वर्षं तिच्यापासून हे लपवून ठेवलं. फांदीपेक्षा ते वाईट.

'नाही' लिही. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

ह्या पत्राचं उत्तर देऊ नकोस. तुझी पत्रं तीच वाचते. लिफ्टवाल्याकडे टाकायला देतोय.

मामा


१३ डिसेंबर

मामा आणि मामी,

मामी, हे सावकाश वाच. मामांना बसवून मग वाच.

पंधरा दिवस काही लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. फॉर्म चार तारखेलाच दिला. सहाव्याला 'होय' लिहिलं. 'कारण' ह्या रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं. खोड पांढरं केलं नाही. कुंडीला तेलाचा हात दिला, मातीवर शेवाळ अंथरलं, आणि झाड जसं आहे तसं नेलं. रागवायचं तर आत्ता रागवा, म्हणजे पुढचं नीट ऐकाल.

शनिवारी परीक्षक बाई आल्या. ठेंगण्या, गळ्यात दोऱ्याला बांधलेला चष्मा. आपल्या झाडापाशी थांबल्या आणि चष्मा डोळ्यांना लावला.

"हे ते पांढऱ्या खोडाचं ना? पांढरं कुठे गेलं?"

"घासलं."

"कशाने?"

"दातांच्या ब्रशने."

"चार वर्षांपूर्वी मी ह्याला वय म्हटलं होतं."

मी म्हटलं, "ते वय नव्हतं, बाई."

"मग वय माझंच झालं म्हणायचं." त्यांनी कागद चाळला. "सहाव्याला होय. ह्या दालनात चाळीस झाडं आहेत आणि 'होय' एकट्या तुमचं. बाकीची एकोणचाळीस काय आभाळातून तशीच उतरली?"

मला हसता येईना. मग त्या म्हणाल्या, सिमेंटखाली कुजलं असेल तर बाग झाड घेणार नाही. आणि कुजलंय की नाही हे उघडल्याशिवाय कळणार नाही. उघडायचं का? मालकाला विचारा.

मी तुम्हाला विचारलं नाही, मामा. फोन हातात घेतला आणि ठेवला. 'माझ्या हातांनी उघडते' म्हटलं. हत्यारं पिशवीत होतीच. अर्धा तास लागला. लोक जमले होते. कुणीतरी मागे म्हणालं, 'अरे, ही दातवाली आहे.' शेवटचा तुकडा निघाला तेव्हा मी डोळे मिटले. त्या म्हणाल्या, "बघा ना, मिटता काय."

आत कुजलेलं नव्हतं. लाकूड कोरडं, टणक, हाडासारखं. आणि चारी बाजूंनी नवी साल वळून आत आली होती, हिरडी दातावर चढते तशी. मधे शर्टाच्या बटणाएवढी जागा उरली आहे. बाई म्हणाल्या, "ह्याने कधीच तोंड मिटलं असतं. सिमेंट मधे आडवं आलं, म्हणून थांबलंय."

आता निकाल. बागेने एक एल्मचं झाड घेतलं. आपलं नाही. उघडी जखम असलेलं झाड बाग घेत नाही. वसंतात जखमेची कड तासून ताजी करायची, त्या बाजूच्या फांद्या मोकळ्या वाढू द्यायच्या, दोन उन्हाळे पाणी चुकवायचं नाही. मग आणा, असं बाई म्हणाल्या.

दोन उन्हाळे. आणि किल्ली अठरा दिवसांनी द्यायची आहे. लॅबच्या गच्चीबद्दल डॉक्टरांना विचारलं, ते नाही म्हणाले. झाड परत बाकावर आहे. मी 'नाही' लिहिलं असतं तर ते आज बागेत असतं. हे मला माहीत आहे आणि ते मी कुणावर ढकलत नाही.

दातकोरणी


१८ डिसेंबर

चि. दातकोरणी,

ह्या खेपेला मी माझंच लिहितेय. हे शेजारी बसलेत आणि मी काय लिहितेय ते मान वाकडी करून बघताहेत. बघू देत.

तुझी नोव्हेंबरची पत्रं मी वाचून दाखवत होते. 'डाव्या बाजूला, पहिल्या फांदीखाली' इथे आले आणि ह्यांना खोकला सुटला. मी पाणी दिलं आणि पुढे वाचलं. 'ते सिमेंट आहे' हे पण वाचलं, आवाज न हलवता. मला जमतं ते. एक तारखेला हे दाढी करायला म्हणून अर्धा तास आत होते आणि बाहेर आले ते खुंट तसेच घेऊन. खाली लिफ्टवाल्याने मला पाकीट दाखवलं, तिकीट कमी होतं. मी वरचं तिकीट लावलं आणि टाकायला सांगितलं. उघडलं नाही. उघडून नवीन काय कळणार होतं?

अगं, ह्या माणसाने मी वीस वर्षं मागे लागूनही घराच्या भिंतींना एकदा रंग दिला नाही. आणि दर थंडीत झाडाला पांढरा हात. मला कळणार नाही? 'उद्या कापणारच होतो' म्हणाले, तेव्हाच कळलं होतं. हे उद्या कापायची फांदी आज पुसत बसत नाहीत, आणि ती तर त्या सकाळीच पुसली होती. पण माझ्यासाठी खोटं बोलले म्हणून मी ते खरं धरलं. हे खोटं धरून राहिले, मी खरं धरून राहिले, आणि मधे ते झाड.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी विचारलं, "ती फांदी तुम्ही उद्या कापणार होता ना?" म्हणाले, "हो." मी म्हटलं, "खोटं." मग म्हणाले, "सगळ्यात चांगली होती ती." मला वाटलं होतं ते ऐकून मी रडेन. तसं काही झालं नाही. भूक लागली. दोघं जेवलो.

घरमालकाला फोन केला. दोन वर्षं अजून राहतो म्हटलं. कुरकुरला, पण दुसरा भाडेकरू ठरला नव्हता. चिरंजीव म्हणाला, "आई, एका झाडासाठी?" मी म्हटलं, "झाडासाठी तुझे बाबा चाललेत. मी माझ्यासाठी चाललेय." सातव्या मजल्यावर मला करमतं का, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. मग तोच तिकिटं काढून घेऊन आला. गोळ्या तीन महिन्यांच्या दिल्यात. हात थरथरतात तर थरथरू देत, पाणी मी घालीन. हे बाजूला उभे राहून सांगतील कसं घालायचं.

सत्तावीसला सकाळी पोचतो. मागच्या दाराची कडी कुणाकडून तरी ठीक करून घे.

आणि एक विचारायचंय. हे आत्ता चष्मा पुसायला उठलेत, तेवढ्यात लिहिते. तू ती जखम उघडून बघितलीस, हाताने चाचपलीस. बाई नुसता धीर द्यायला तर बोलल्या नाहीत ना? दोन उन्हाळ्यांत मिटेल ना गं ती? खरं काय ते मलाच लिही, आम्ही निघायच्या आधी. माझ्या हातची आहे म्हणून विचारते.

मामी